डबीखालचा सांधा

मुंगीला, माझ्या लेकीला, दात येत होते, त्यामुळे हाताला लागेल ती वस्तू तिच्या तोंडात जायची. मी तिच्यामागे डोळ्यांत तेल घालून फिरायची. काय सुटेल, काय तुटेल, काय घशात अडकेल, दुसरं काही डोक्यात नसायचंच. दादा म्हणायचा, "अगं, मूल आहे ते, बॉम्ब नाहीये. जरा श्वास घे."

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. घड्याळाचे पट्टे बनवायचं त्याचं वर्कशॉप दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत नायलॉनच्या नवारीचे रोल, नवार कापायचं गरम पातं आणि सांधे दाबायचं प्रेस. बाहेरच्या खोलीत वहिनीचं शिलाई मशीन आणि माझं पॅकिंगचं टेबल. मुंगी झाल्यावर मी नोकरी सोडली, तेव्हा दादा म्हणाला होता, "घरी बसून भिंती मोजू नकोस. पोरीला घेऊन ये, माझ्याकडे बस." या एका वाक्यासाठी मी त्याला पुष्कळ काही माफ करत आले होते.

वर्कशॉपात सगळ्यात जास्त खपायचा तो लष्करी पट्टा. दिसायला अगदी साधा, एक लांब नवार, एक बक्कल, दोन-तीन कड्या. दादाने आधी त्याच्या पाकिटात घालायला कार्ड छापलं होतं, 'मजबूत आणि टिकाऊ'. मी म्हटलं, "दादा, हे तर बादलीवरही लिहितात."

"मग तू लिही की, प्रोफेसरबाई. इतिहासात एवढी वर्षं घालवलीस, काहीतरी वसूल कर."

मी लिहायचं मनावर घेतलं. मुंगी झोपली की वाचत बसायची. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुरुष घड्याळ खिशात ठेवत, मनगटावरचं घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना. पण खंदकात पडून असलेल्या सैनिकाला ठरल्या क्षणी पुढे सरकायचं असे, आणि एका हातात बंदूक असताना दुसऱ्या हाताने खिसा चाचपडत बसणं परवडत नसे. मग खिशातल्या घड्याळांना तारेचे कान डाकले गेले आणि त्यांतून चामड्याचा पट्टा ओवला गेला. चामडं घामाने आणि चिखलाने कुजे, म्हणून पुढे कापड आलं, मग नायलॉन. सैन्याच्या घड्याळांचे पट्टा अडकवायचे दांडे, ज्यांच्या जागी आता पिना असतात, निखळू नयेत म्हणून डबीलाच, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या घरालाच, पक्के बसवलेले असत. ते काढता येत नसत, म्हणून दोन तुकड्यांचा नेहमीचा पट्टा त्यांना लागत नसे. त्यावर उपाय म्हणजे एकच सलग पट्टी, जी एका दांड्याखालून आत शिरते, डबीच्या पाठीवरून जाते आणि दुसऱ्या दांड्याखालून बाहेर पडते. डबी मागेपुढे घसरू नये म्हणून खाली एक आखूड जोडपट्टी आणि तिला एक कडी. जाड बाहीवरूनही बांधता यावा म्हणून लांबी भरपूर, उरलेलं शेपूट कडीतून उलटं दुमडून ठेवायचं. एका सैन्यात हा पट्टा हवा असेल तर कोठारातून ठरावीक नंबरचा अर्ज भरून घ्यावा लागे आणि त्या नंबरावरूनच त्याचं नाव पडलं, हे वाचून दादा खूप हसला होता. "म्हणजे सरकारी बाळ! बारसं पण अर्जावर!"

या सगळ्याचं सार मी कार्डावर चार ओळींत लिहिलं. शेवटची ओळ मला सगळ्यात आवडायची: 'एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर तुमच्याच हातात राहतं, कारण पट्टा अखंड आहे.'

माझा नवरा पाणबुड्या आहे. सिनेमात दाखवतात तसा नाही. गोदीत उभ्या असलेल्या जहाजांची बुडं खरवडायची, गोदीच्या दरवाजाच्या फटी बुजवायच्या, तळाशी पडलेलं काही वर काढायचं, असलं काम. पाणी इतकं गढूळ की टाकीतली हवा दाखवणारा काटा नाकाला लावला तरी दिसत नाही. घड्याळाचे आकडे मात्र चमकतात. किती वेळ झाला आणि वर कधी यायचं, ते त्या आकड्यांवर ठरतं. वर दोरी धरून एक माणूस बसलेला असतो, पण तो दोरी धरतो, खालच्या माणसाचा अंदाज धरू शकत नाही. हे सगळं मला नवऱ्याने नाही, त्याच्या जोडीदाराने सांगितलं. त्याला सगळे लंबू म्हणतात. पाण्यात दोघं कायम जोडीने उतरायचे. आमच्याकडे आला की लंबू मुंगीला खांद्यावर बसवून दाराच्या चौकटीखालून वाकून जायचा आणि म्हणायचा, "वहिनी, हिला माझ्या उंचीवरून जग दाखवतोय. तुमच्या नवऱ्याकडून हे जमणार नाही."

यंदा गोदीच्या तुकडीला नवे पट्टे हवे होते. नवऱ्यानेच शब्द टाकून ते काम दादाला मिळवून दिलं. दादाने त्याला मिठीच मारली. "पाहुणे, तुम्ही माझी लाज राखलीत." पट्टे गेले, तुकडीच्या सुपरवायझर बाईंनी ते घड्याळांना ओवून घेतले, जुने काढून फडताळात टाकले. सगळं झकास चाललं होतं.

फक्त एक गोष्ट मला खटकत होती. तुकडीची एक जुनी रीत आहे. काम संपलं की घड्याळं खोलून ट्रेमध्ये ठेवायची, पट्टे गोड्या पाण्याच्या टबात खळबळायचे आणि सामानाच्या खोलीत खुंट्यांवर टांगायचे. दुसऱ्या दिवशी जो वाळला असेल तो घ्यायचा. कोणताच पट्टा कुणाचा नसतो. माझं-तुझं पाण्याबाहेर, असं लंबू म्हणायचा. आणि माझा नवरा रोज आपला पट्टा घरी आणायला लागला होता. बेसिनखाली धुवायचा, बाथरूमच्या खिळ्याला अडकवायचा.

"घरी कशाला आणतोस?" मी विचारलं.

"तिथल्या टबाला वास मारतो."

"आधी नव्हता मारत?"

"तू ना, पोलिसात जायला हवं होतंस," तो म्हणाला आणि मुंगीला उचलून खिडकीशी गेला. मी हसले. माझ्या काळजीखोरपणाची घरात सगळे चेष्टा करतात आणि मलाही ती ऐकायची सवय झाली आहे.

मग ती दुपार. मी टेबलाशी पाकिटं भरत होते, वहिनी मशीनवर, मुंगी चटईवर. गोदीच्या मालातले उरलेले काही पट्टे टेबलाच्या कडेला होते, त्यातला एक तिने ओढून घेतला होता. बघते तर निम्मा तोंडात. मी झडप घालून काढला आणि आधी बक्कल जागेवर आहे का ते पाहिलं. होतं. मग सवयीने सगळा पट्टा बोटांतून फिरवला. मधोमध, जिथे घड्याळाची डबी बसते नेमकी तिथे, बोटाला काहीतरी लागलं. बोटाच्या पेराएवढी कडक, गुळगुळीत पट्टी. मी ती वाकवली. उलटी वाकवली. पुन्हा सुलटी. टक् असा बारीक आवाज झाला आणि पट्ट्याचे दोन तुकडे माझ्या दोन हातांत आले.

टोकं वितळवून एकावर एक दाबलेली होती. वरून डबी बसली की कुणाला दिसायचं कारणच नव्हतं.

मी दुसरा घेतला. तो अखंड निघाला. तिसराही. चौथा तुटला.

वहिनीचं मशीन थांबलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि दोऱ्याचं रीळ बदलायला लागली. रिळात दोरा भरपूर होता.

मी मुंगीला कडेवर घेतलं आणि आत गेले. "दादा, हे काय आहे?"

त्याने तुकडे पाहिले. पातं बंद केलं. "तोडलास?"

"तुटला."

"असं कागदासारखं उलटंसुलटं केलंस तर काहीही तुटेल. हातावर कोण असं वाकवतं? तिथे डबी असते, डबी वाकत नाही. साधी गोष्ट आहे."

"हे तुकडे जोडलेले आहेत."

"रोल वेळेवर आला नाही. तारीख तोंडावर. आखूड कापलेल्या नवारीचा ढीग पडला होता इथे. थोडे केले तसे. सगळे नाहीत."

"दादा, अरे सलग असणं हाच तर पट्टा आहे! बाकी काय आहे त्यात? साध्या पट्ट्याची पिन तुटली तर घड्याळ पडतं. याच्या दोन्ही पिना धड असल्या तरी पडेल. हा साध्याहून वाईट आहे."

"प्रोफेसर, लेक्चर नको."

"लोक पाण्याखाली जातात हे घालून. माझा नवरा जातो."

आणि तेव्हा दादा हसला. खरंच हसला, जीव भांड्यात पडल्यासारखा. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अगं वेडे, त्यासाठी घाबरलीस होय? पाहुण्यांचा पट्टा मी माझ्या हाताने नव्या रोलमधून कापलाय. अख्खा. पहिला त्यांचाच केला. मी काय तुझं वाईट करीन?"

तो हात मला इतका ओळखीचा होता. शाळेच्या रस्त्यावर कुत्रं आडवं आलं की हाच हात.

मी म्हटलं, "पण तिथे खुंटीवर सगळ्यांचे एकत्र असतात."

"ते सांगितलं ना त्यांना. म्हटलं, पाहुणे, आपला खुंटीवर टांगू नका. घरी न्या."

मुंगी माझ्या केसांशी खेळत होती. मी बराच वेळ तिची बोटं सोडवत राहिले.

संध्याकाळी नवरा घरी आला आणि नेहमीप्रमाणे बेसिनकडे गेला. मी दारात उभी राहिले. "सांध्याचं तुला माहीत होतं."

त्याने नळ बंद केला नाही. "दादा बोलला?"

"तू बोलायला हवं होतंस."

"कुणाशी? बाईंशी? काम मी आणलंय. दादा संपला असता, मीही बसलो असतो घरी. आणि सगळे तसे नाहीत. काहीच तसे आहेत."

"लंबू रोज खुंटीवरचा जो उचलतो तो?"

"त्याचा बरा असेल."

"पाहिलास वाकवून?"

तो पट्टा नळाखाली चोळत राहिला.

"एकदा तरी? रोज त्याच्या शेजारी उभा राहून तयार होतोस. हात लावून पाहिलास?"

"पाहिला आणि तसा निघाला असता तर काय केलं असतं?" तो म्हणाला. एवढंच, पण खरं बोलला. मग नळ बंद करून टॉवेलला हात पुसत म्हणाला, "हे बघ, उद्या-परवा बघतो मी. हळूहळू बदलून टाकतो एकेक. तू यात पडू नकोस. तुला सगळ्यात भोकच दिसतं."

मी जेवण वाढलं. तो जेवला. मुंगीला त्याने हसवलं, तिचा नवा दात पाहिला. मी बाजूला बसून विचार करत होते की ही दोन माणसं, ज्यांची काळजी करून करून मी शेवटी झोपी जाते, त्यांनी माझ्यामागे एकमेकांना डोळा मारून सगळं जुळवलं होतं. माझ्या नवऱ्याला अखंड पट्टा आणि बाकीच्यांना मी लिहिलेलं कार्ड.

सकाळी तो निघाला तेव्हा मी त्याला काहीच म्हटलं नाही. त्याच्यामागून मुंगीला घेऊन बाहेर पडले.

गोदीतली सामानाची खोली लांबट, खाली ओली फरशी, रबराचा आणि साबणाचा वास. भिंतीला खुंट्या. सगळे कपडे चढवत होते. मला पाहून लंबूने मुंगीकडे हात पसरले. "अरे वा! आज छोटी पाणबुडी भरती व्हायला आली का?" नवऱ्याचा चेहरा मात्र उतरला.

सुपरवायझर बाई टेबलाशी घड्याळं जुळवत होत्या. जाड भिंगाचा चष्मा आणि नवशिक्यालासुद्धा 'अहो' म्हणण्याची सवय. मी त्यांना म्हटलं, "बाई, नवे पट्टे एकदा वाकवून बघू देता का? मध्यावर."

"का हो?"

"त्यांतले काही जोडलेले आहेत."

मी खुंटीवरचा एक घेतला, वाकवला. काही झालं नाही. दुसरा घेतला. काही नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "वहिनी, इस्त्री पण करून द्या की." हशा झाला. तिसरा तुटला.

हशा एकदम बंद. बाईंनी तुकडे हातात घेतले, चष्मा कपाळावर सरकवून टोकं डोळ्यांजवळ नेली. लंबूने मुंगीला माझ्याकडे दिलं, मनगटावरचं तयार घड्याळ सोडलं, डबी सरकवली आणि पट्टा वाकवला. त्याला दुसऱ्यांदा वाकवावा लागला नाही. डबी फरशीवर पडून टेबलाखाली गेली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

बाईंनी दादाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. काय घडलं ते सांगितलं. क्षणभर फोनमधून नुसता शिलाई मशीनचा आवाज आला. मग दादाचा, अगदी नम्र.

"बाई, फार वाईट वाटलं ऐकून. मी आत कटिंगला असतो. पॅकिंग आणि तपासणी माझी बहीण बघते. शिकलेली आहे, म्हणून विश्वासाने दिलं होतं तिच्याकडे. लहान मूल आहे तिला, होतं दुर्लक्ष. मी बोलतो तिच्याशी."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तोवर पुस्तकातच माहीत होतं. दुखत नाही. सगळे आपल्याकडे वळून बघतात, तेव्हा कळतं की कापला गेलाय.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने एक वाक्य बोलायचं होतं. सगळं नाही, एकच. काल दादाने काय कबूल केलं ते त्याला माहीत होतं, मी केव्हा पाहिलं तेही माहीत होतं. तो बुटाची चेन लावत होता. बाईंनी विचारलं, "तुम्हाला याची काही कल्पना होती का हो?"

"नाही," तो म्हणाला. "मी वर्कशॉपात जात नाही. हीच असते तिथे."

बाई माझ्याकडे वळल्या. "तपासणी तुमच्याकडे होती?"

"कार्ड माझं आहे," मी म्हटलं. "तपासणी कुणाकडेच नव्हती."

नवऱ्याला माहीत होतं, हेही मला सांगता आलं असतं. मी ते ओठांवर आणलं आणि तिथेच ठेवलं. कोणत्या मायेने, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पण लंबू नवऱ्यासमोर जाऊन उभा राहिला होता. "तुझा दे."

"माझा कशाला? मी बदलतोच आता."

"दे रे."

नवऱ्याने पट्टा सोडून दिला. लंबूने तो मध्यावर धरून वाकवला, उलटा वाकवला, पुन्हा वाकवला. मग दोन्ही मुठींत धरून सगळा जोर लावून ओढला. नवारीचा साधा धागाही हलला नाही.

"अख्खा आहे," लंबू म्हणाला. आवाज चढवला नाही. "म्हणून रोज घरी जायचा होय हा?"

"अरे, तसं नाही..."

"टबाला वास मारतो म्हणालास. मी दोन वेळा घासला तो टब." त्याने पट्टा नीट घडी करून नवऱ्याच्या हातात ठेवला. मग म्हणाला, "बाई, आज मला दुसरा जोडीदार द्या. आज नाही, पुढेही."

बाईंनी फडताळ उघडलं आणि जुने, विटलेले पट्टे टेबलावर ओतले. सगळे एकेक उचलून वाकवून पाहायला लागले. नवऱ्याला त्यांनी एवढंच सांगितलं, "तुम्ही वरच थांबा. बाकीचं संध्याकाळी बोलू."

मी बाहेर आले. तो मागून आला. "तू मला सगळ्यांसमोर उघडं पाडलंस," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मी काय स्वतःसाठी केलं? तुझ्यासाठी, हिच्यासाठी केलं. तुझ्या भावासाठी केलं."

"मग तिथे माझं नाव घेताना काय झालं होतं?"

तो मागे वळून सामानाच्या खोलीच्या दाराकडे बघायला लागला.

खरं तर मला तिथून निघून जायचं होतं, पण पाय निघेना. गोदीच्या कठड्याशी मी मुंगीला घेऊन उभी राहिले. लंबू दुसऱ्या एका पोरसवदा पाणबुड्याबरोबर पाण्यात उतरला आणि त्या तपकिरी पाण्याने दोघांना गिळून टाकलं. दोरी धरणारा दोरीकडे बघत होता, मी पाण्याकडे. नवरा थोडा लांब उभा होता. आमच्यात एखादं माणूस उभं राहील एवढी जागा होती.

मुंगी कंटाळून झोपली. शेवटी बुडबुडे आले आणि लंबूचं डोकं वर आलं. मनगटावर जुना पट्टा, घड्याळ जागच्या जागी. माझ्या तोंडून नकळत "आला गं बाई" निघून गेलं.

नवरा पुढे झाला आणि शिडीवर वाकून त्याने हात दिला. रोज देतो तसा. लंबूने त्या हाताकडे पाहिलं, शिडीची ओली दांडी धरली आणि स्वतःच वर आला.

माझा फोन वाजत होता. दादा होता. मी तो वाजू दिला आणि गोदीच्या फाटकाकडे चालायला लागले. फाटकापासून दोन रस्ते फुटतात, एक दादाकडे, एक आमच्या घराकडे. झोपलेल्या मुंगीचं डोकं खांद्यावर नीट ठेवून मी फाटकातच उभी राहिले. चौकीदाराने विचारलं, "रिक्षा बोलावू का ताई? कुठे जायचंय?"

"सांगते," मी म्हटलं. "जरा थांबा."